काशीचे धरहरे आणि गवंड्याचा पहाड

काशीच्या पंचगंगा घाटासमोरून नाव जाऊ लागली की वर आलमगीर मशिदीचे घुमट दिसतात. तिचे दोन उंच मीनार मात्र आज नाहीत. काशीकर त्यांना ‘माधोराव का धरहरा’ म्हणत. मराठी कानाला या नावात एखादा पेशवा ऐकू येतो. परंतु त्याचा संबंध पूर्वी तेथे असलेल्या बिंदुमाधवाच्या देवळाशी जोडला जातो. मशिदीच्या फरसबंदीपासून या मीनारांची उंची सुमारे 147 फूट होती, आणि बुंध्याशी व्यास अवघा सव्वाआठ फूट!

1820 ते 1830 या काळात जेम्स प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत अधिकारी होता. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून त्याची कीर्ती झाली. ढासळू लागलेले हे मीनार त्याने सावरले. इतिहासात नाव प्रिन्सेपचे राहिले. मात्र एवढ्या उंचीवर दगड बसविणारे हात गवंड्यांचे होते. 1948 मध्ये एक मीनार कोसळला आणि पुढे धोका नको म्हणून दुसराही उतरविण्यात आला.

उंच वास्तू बांधणे हे अर्धे काम होय. तिच्या भेगेपर्यंत माणसाला सुखरूप पोहोचता येणे, हे उरलेले अर्धे. ही पोहोच देतो तो पहाड, म्हणजेच परांची. बांबू, दोर आणि फळ्या एवढेच त्याचे साहित्य. पण नियम कडक आहेत. उभ्या बांबूंचे बूड पक्क्या जागी हवे. ठिकठिकाणी भिंतीशी बांधणी हवी. आणि वाऱ्याने सांगाडा कलू नये म्हणून तिरपे आधार हवेत. घाटावर तर ऋतूही पाहावा लागतो. काशीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. 1978 च्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते.

आधुनिक उंच इमारतींच्या सपाट दर्शनी भिंतींसाठी झुलता पाळणा वापरतात. गच्चीवरून तुळया बाहेर काढून तारेच्या दोरांनी तो लोंबकळत ठेवतात. त्याचे गणित तराजूचे आहे. समजा, एका तुळईच्या टोकाला 300 किलोचा भार असून तो टेकूपासून अर्धा मीटर पुढे आहे. मागे दीड मीटरवर 100 किलो वजन ठेवले, तर तोल साधेल. पण केवळ तोल साधणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे उलटविणाऱ्या जोराच्या चौपट प्रतिकार हवा; म्हणजे मागे 400 किलो ठेवावे लागतील. शिवाय कामगाराच्या अंगभर सुरक्षापट्ट्याचा दोर पाळण्याला न बांधता वेगळ्या, भक्कम आधाराला बांधलेला हवा. पाळणा सुटला, तरी माणूस सुटता कामा नये.

दुमडत्या हाताच्या यंत्रावर चढूनही काम करता येते. पण त्या यंत्राला सपाट, टणक जमीन आणि रुंद रस्ता लागतो. काशीच्या बोळांत यारीची गाडी शिरत नाही, पायऱ्यांवर ती उभी राहत नाही, आणि निमुळत्या शिखरावरून पाळणा नीट सोडता येत नाही. म्हणून तेथे बांबूचा पहाड मागासलेला ठरत नाही. निष्काळजीपणे बांधलेला पहाड मात्र कोठेही घातकच.

1996 मध्ये भारताने बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा केला. कायदा कागदावर सुरक्षितता देतो. फळीवर ती देखरेख करणाऱ्याने आणावी लागते. खर्च वाचविताना पहिली कात्री बहुधा पहाडाच्या बांधणीला लागते, कारण काम संपल्यावर पहाड दिसतच नाही.

काशी हिंदू विश्वविद्यालयातील विश्वनाथ मंदिराची पायाभरणी 1931 मध्ये झाली आणि ते 1966 मध्ये पूर्ण झाले. त्याचे शिखर सुमारे 250 फूट, म्हणजे धरहऱ्यांहूनही उंच. अशा शिखरांना ऊन, पाऊस आणि वर्षे लागतच राहणार. कोणीतरी पुन्हा वर चढणार. त्याला वर पाठविण्यापूर्वी दुरुस्तीला किती खर्च येईल हे विचारले जातेच. त्याही आधी विचारावे, पहाड कोणी तपासला?