घर बांधण्याआधी घरात फिरून या

कुणी भाकरी थापत असाल, कुणी दूध घालून परत आला असाल, कुणी शेतातून येऊन आत्ता टेकला असाल. हातातलं काम चालू द्या, कान फक्त इकडे असू द्या. आज आपण घराबद्दल बोलणार आहोत, आणि तेही घर बांधून व्हायच्या आधीच्या घराबद्दल.

बचत गटाची कर्जाची वही चाळली की शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी यांच्या बरोबरीने घराच्या नोंदी दिसतात. कुणी पत्र्यासाठी घेतलंय, कुणी न्हाणीघरासाठी, कुणी घरकुलाला पैसे कमी पडले म्हणून. हप्ता आपण भरतो. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुलसुद्धा साधारणपणे नवरा-बायको दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावावर मंजूर होतं. पण घराचा नकाशा ठरतो तेव्हा बाई कुठे असते? आत चहा ठेवत असते. बाहेर चार पुरुष आणि गवंडी बसतात, काडीने मातीत रेघा ओढतात, आणि तिच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर तिथे ठरून जातं.

समजा तिला बोलावलं, कागद पुढे ठेवला, तरी अडचण राहतेच. कागदावर नुसत्या रेघा. कुठली रेघ भिंत, कुठली दार, अर्धा गोल काढलाय तो कशाचा? नकाशा वाचणं हे शिकायचं काम आहे, ते न येणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तेवढ्यासाठी आपण मान डोलावतो आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळ्या होतो. मग जोतं भरतं, भिंती चढतात, आणि त्यानंतर आपल्याला कळतं की फळीखाली डोकं आपटतंय.

यावर आता एक चांगला उपाय हाताशी आला आहे. संगणकावर घराचा आराखडा काढायची सॉफ्टवेअर मिळतात. शहरातले आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाले ती रोज वापरतात. गिऱ्हाईक आलं की त्याला पडद्यावर घर दाखवतात, तो सांगेल तसा बदल तिथल्या तिथे करतात. त्यातलं एक 'स्वीट होम थ्रीडी' नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. एकदा संगणकात उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. पडद्यावर वरच्या भागात सपाट नकाशा असतो, खाली तेच घर उभं राहिलेलं दिसतं. वर भिंत ओढली की खाली भिंत उभी राहते. दार, खिडकी, पलंग, कपाट उचलून जागेवर ठेवता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या घरात आपल्याला फिरता येतं. दारातून आत गेलो की समोर काय दिसतं, उजवीकडे वळलो की काय लागतं, ते चालत गेल्यासारखं बघता येतं. अक्षर ओळख नसलेल्या आजीलाही ते कळतं, कारण तिथे वाचायचं काही नाही, बघायचंच आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंचं घरकुल मंजूर झालं होतं. जागा गावठाणात. मागच्या बाजूला एका शेजाऱ्याची भिंत, उजवीकडे दुसऱ्याची. समोर रस्ता आणि डावीकडे बोळ. घर बाहेरून 18 फूट बाय 15 फूट. गवंड्याने कागदावर आखून दिलं होतं: पुढे सगळ्या रुंदीची बैठकीची खोली, मागे उजव्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, मागे डाव्या कोपऱ्यात न्हाणी. कागदावर अगदी सुबक दिसत होतं. गटातल्या एकीच्या मुलीने कॉलेजात संगणक शिकलाय, तिने तेच माप घेऊन लॅपटॉपवर घर उभं केलं. घरातले सगळे भोवती बसले. मुलीने सगळ्यांना दारातून आत नेलं, बैठकीतून स्वयंपाकघरात नेलं. ताईंच्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पण धूर जाणार कुठून?"

सगळे बघत राहिले. खरंच, त्या स्वयंपाकघराला बाहेरची भिंतच नव्हती. मागे शेजारी, उजवीकडे शेजारी, डावीकडे न्हाणी, पुढे बैठक. खिडकी काढायला जागा कुठे? गॅस असला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. तो सगळा धूर त्या बाईच्या छातीत जाणार होता.

मग मुलीने माउसने भिंती हलवायला सुरुवात केली. घर आडवं कापायच्या ऐवजी उभं कापलं. बोळाच्या बाजूला साडेसहा फूट रुंदीचा पट्टा काढला. त्यात पुढे नऊ फुटांचं स्वयंपाकघर, मागे चार फुटांची न्हाणी. दोन्हींना बोळाकडे भिंत मिळाली, म्हणून एकीकडे खिडकी आणि दुसरीकडे झरोका बसला. सांडपाण्याचा पाइपही एकाच बाजूने निघाला, म्हणजे तेवढा खर्च वाचला. शौचालय अंगणाच्या कोपऱ्यात गेलं, आणि त्याचं दार रस्त्याकडे उघडणार नाही असं फिरवलं.

यात सगळं गोड झालं असं नाही. बैठकीची खोली साडेसोळा फुटांवरून साडेनऊ फूट रुंदीची झाली. घरधनी नाराज झाले. पाव्हणे आले तर बसायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. तासभर बोलणं झालं. शेवटी समोर एक लांब कट्टा बांधायचा ठरला. दोघांनाही थोडं सोडावं लागलं. पण हे भांडण भिंत बांधायच्या आधी झालं. पडद्यावरची भिंत सरकवायला विटा लागत नाहीत की मजुरी लागत नाही. तीच भिंत खरी उभी राहिली असती तर पाडायला पैसे, पुन्हा बांधायला पैसे, आणि मधल्या काळातली धुसफूस वेगळीच.

आता थोडा हिशेब करू. घरकुलाचं क्षेत्रफळ कमीत कमी 25 चौरस मीटर असावं असा नियम आहे, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. 25 चौरस मीटर म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. वर सांगितलेलं 18 बाय 15 चं घर बाहेरून 270 चौरस फूट होतं. पण बाहेरच्या भिंती 9 इंची. दोन्ही बाजूंच्या मिळून दीड फूट गेले. आत उरलं साडेसोळा बाय साडेतेरा, म्हणजे सुमारे 223 चौरस फूट. सत्तेचाळीस चौरस फूट भिंतींनीच खाल्ले! आतल्या साडेचार इंची भिंतींचं आणखी वेगळं. म्हणून कुणी "दहा बाय दहाची खोली" म्हणालं की लगेच विचारा, आतून का बाहेरून? भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत दहा फूट धरलं असेल तर 9 इंची भिंतींत आतून सव्वानऊ फूटच मिळतात. त्या पाऊण फुटात कपाट अडतं.

म्हणून पडद्यावर घर काढताना पहिली अट अशी की सामान आपलं मांडायचं. या सॉफ्टवेअरमध्ये सोफा मिळेल, आंघोळीचा टब मिळेल. धान्याची कोठी, चूल, देव्हारा, पिठाची चक्की मिळेलच असं नाही. काही बिघडत नाही. साधा चौकोनी ठोकळा घ्यायचा आणि त्याला आपल्या कोठीची लांबी, रुंदी, उंची द्यायची. झाली कोठी. त्यासाठी आधी घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप टेपने घेऊन वहीत लिहा: पलंग, शिलाई मशीन, हंड्यांची उतरंड, ज्वारीची पोती. दार उघडल्यावर किती जागा अडवतं तेही मोजा. शिलाई करणारीने मशीनसमोर स्टुलाची जागा धरावी. मेस किंवा पापडाचा उद्योग करणारीने ताटं आणि परातींची धरावी. आपलं घर हे आपलं कामाचं ठिकाणही आहे, हे इंजिनिअरला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. घरात फिरणाऱ्याची उंची या सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. ती आपली ठेवा. पाच फुटांची बाई सहा फुटांच्या पुरुषाच्या डोळ्यांनी घर बघायला लागली तर वरची फळी तिला हाताशी आहे असंच वाटेल. ओट्याची उंचीही आपल्या कोपराच्या अंदाजाने सांगा.

तिसरी गोष्ट दिशेची आणि उन्हाची. नकाशात उत्तर कुठे ते दाखवता येतं, गावाची जागा देता येते, आणि फोटोसारखं चित्र काढताना तारीख आणि वेळही निवडता येते. त्यामुळे मे महिन्यात दुपारी चार वाजता ऊन कुठल्या खिडकीतून आत येईल ते आधी दिसतं. पश्चिमेच्या भिंतीला ओटा असेल तर संध्याकाळचा स्वयंपाक तापलेल्या भिंतीसमोर होणार, हे तेव्हाच कळतं.

मात्र या फोटोसारख्या चित्रांपासून थोडं सावध राहा. त्यांना रेंडर म्हणतात. त्यात फरशी चकाकते, भिंती गुळगुळीत असतात, कोपऱ्यात झाडाची कुंडी असते. खोली असते त्यापेक्षा मोठी दिसेल अशा कोनातूनही चित्र काढता येतं. कुणी नुसतं रंगीत चित्र दाखवून पैसे मागत असेल तर म्हणा, "छान आहे, आता मापं दाखवा." चित्रातली फरशी अंदाजपत्रकात आहे का, ते विचारा. घरकुलाचं अनुदान मैदानी भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार मिळाले तरी हिशेब काटेकोरच ठेवावा लागतो. चित्राच्या मोहाने कर्ज वाढवू नका.

आता बैठक कशी घ्यायची ते सांगते. घरातली प्रत्येक बाई बसवा. सासू, सून आणि दहावीतली मुलगीही, कारण अभ्यासाची जागा तिला हवी असते. गवंड्याला पहिल्या दिवसापासून बोलवा. घरकुल ठेकेदाराला द्यायचं नसतं, लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यायचं असतं, म्हणजे मालक तुम्ही आहात. पण काम गवंड्याच्या हातांनी होणार आहे. त्याला डावलून नकाशा केला तर तो रुसेल, आणि त्याच्या अनुभवातलं खरं शहाणपणही आपण गमावू. एकच नकाशा बघून होकार देऊ नका, दोन तरी करून घ्या. ठरलेल्या नकाशाचा कागद छापा, त्यावर आतली मापं, दार-खिडक्यांच्या जागा आणि तारीख लिहा, सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. एक प्रत गवंड्याकडे, एक तुमच्या पेटीत. मग जागेवर फक्की टाकून तोच नकाशा आखा आणि त्या रेघांमधून एकदा चालून बघा. पडदा काही झालं तरी लहान असतो. जमिनीवर पाय ठेवला की उरलीसुरली शंकाही बाहेर पडते.

आणि एक गोष्ट विसरू नका. हे सॉफ्टवेअर घर दाखवतं, ते टिकेल की नाही ते सांगत नाही. पाया किती खोल, सळई किती, काळ्या मातीत काय काळजी घ्यायची, हे इंजिनिअरचं काम. पडद्यावरची भिंत कधीच कोसळत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं माणसांच्या अंगावर आली, ते आपल्यातल्या कित्येकींनी पाहिलंय, ऐकलंय. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं मोठं काम झालं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केलं. सरकारची माहिती घरोघर नेली, घरमालकांच्या अडचणी वर पोचवल्या. बायकांना बांधकामातलं काय कळतं, या प्रश्नाचं उत्तर मराठवाड्यातल्या बायकांनी तेव्हाच देऊन ठेवलं आहे.

म्हणून गावातल्या शिकलेल्या मुलींना मला सांगायचंय, हे शिकून घ्या. महिनाभर रोज तास-दीड तास बसलात तर साधं घर काढता येईल. आधी स्वतःचं राहतं घर मोजा आणि काढा, टेप धरायची सवय त्यानेच होते. पुढे गावातल्या लोकांना आराखडा समजावून देण्याचं काम करून चार पैसे मिळवता येतील. फक्त परवानगीच्या नकाशावर इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची सही लागते, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. यंदा कुणाकुणाचं घर, खोली किंवा न्हाणी बांधायची आहे त्याची यादी करा. गावात कुणाकडे लॅपटॉप आहे ते शोधा. गटाच्या पैशातून एक चांगली मापाची टेप घ्या आणि ती यादीतल्या पहिल्या घरी पाठवा. खड्डा खणायला कुदळ लागण्याआधी त्या घरातल्या बाईने पडद्यावर का होईना, आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून बघितलेलं असावं.