आफ्रिकेतला नीलकंठ

शेताच्या कडेला तारेवर बसलेला नीलकंठ तुम्ही पाहिलाच असेल. कोणी त्याला चास म्हणतात. त्याचा एक भाऊबंद आफ्रिकेत राहतो. झिंबाब्वे, बोट्स्वाना या देशांतल्या विरळ रानांत. छाती जांभळट, पोट आकाशी, पंख निळेभोर. शेपटीला दोन लांब पिसे. तिकडे मझिलिकाझी नावाचा राजा होता. 1868 साली तो वारला. ही पिसे राजाशिवाय कोणी वापरू नयेत, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. हौस राजाची!

पाखरू उघड्या फांदीवर गप्प बसते. खाली टोळ हलला, सरडा हलला, की झडप! मोठी शिकार फांदीवर आपटून मारते, मग गिळते. वणवा लागला की हे मुद्दाम तिकडे जाते. आगीपुढे पळणारे किडे आयते मिळतात ना!

पण घर? लाकूड पोखरणारी चोच त्याला नाही. बहुधा वठलेल्या झाडातली, सुतारपक्ष्याने सोडलेली ढोली ते शोधते. तिच्यात मादी दोन ते चार अंडी घालते. दोघेही पाळीपाळीने उबवतात. माणसाला मात्र वठलेले झाड म्हणजे जळण. कुऱ्हाड पडली, की ढोली गेली. दुसरी जवळपास मिळाली नाही, तर त्या साली पिल्ले नाहीत. म्हणून तर ढोलीजवळ ससाणा आला, तरी हे एवढेसे पाखरू ओरडत त्याच्या अंगावर जाते.