पडायला शिकवणारी विद्या

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. या गावांत दहावीच्या क्लासच्या पाट्यांशेजारी कराटे वर्गाची पाटी हमखास दिसते. पांढरा पोशाख, हवेत उगारलेला पाय आणि खाली दोन शब्द : 'सेल्फ डिफेन्स'. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतापलेले लोक रेल्वेरुळांवर उतरले, गाड्या कित्येक तास अडून राहिल्या. त्यानंतर आमच्या भागात घरोघरी एक वाक्य कानावर येऊ लागले, 'पोरीला आता कराटेला घातलंच पाहिजे.' या वाक्यामागची आईबापांची घालमेल कोणालाही समजेल. पण ही विद्या नेमके काय देते आणि काय देत नाही, ते जरा शांतपणे पाहू या.

आधी जे देत नाही ते. लहानग्या मुलीचे रक्षण कोणत्याही रंगाचा पट्टा करू शकत नाही. ते काम शाळेचे, पोलिसांचे आणि तुमच्याआमच्यासारख्या मोठ्यांचे आहे. मुलगी कराटे शिकते म्हणून मोठ्यांचा पहारा ढिला होता कामा नये. उद्या एखाद्या मुलीला 'तू प्रतिकार का केला नाहीस?' असे विचारायला आपण मोकळे झालो, तर ही विद्या तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे ठरेल.

मग ती देते काय? त्यासाठी जपानकडे जावे लागेल. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६०चा. अंगाने लहानखुरे. शाळेतली दांडगट मुले त्रास देत, म्हणून ते जुजुत्सू या जुन्या विद्येकडे वळले. १८८२मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात, मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी स्वतःची शाळा काढली. पेशानेही ते शिक्षकच होते. त्यांच्या ज्युदोत नव्या विद्यार्थ्याला आधी शिकवतात ते पडणे. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, हाताची थाप जमिनीवर मारायची आणि उठायचे. मागे, बाजूला, पुढे, शेकडो वेळा. पडण्याची भीती गेली की अंग सैल होते, आणि सैल अंगालाच तोल कळतो.

पडून उठणे आमच्या भागाला नवीन नाही. फाळणीनंतर सर्वस्व गमावलेले सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आले. १९४९मध्ये त्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर पाच असेच सांगतात. त्या पिढीने गुरूशिवायच हा पहिला धडा गिरवला.

कराटेचे आधुनिक गुरू गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२मध्ये त्यांनी टोकियोत आपल्या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो, कारण हा माणूस कविता लिहीत असे. त्यांचे तखल्लुस, म्हणजे टोपणनाव होते 'शोतो'. पाइनच्या झाडांतून वारा वाहताना लाटांसारखा जो आवाज येतो, तो शोतो. शिष्यांनी त्यांच्या तालीमघराला हेच नाव दिले आणि जगभर पसरलेली शोतोकान ही कराटेची शैली त्यावरूनच ओळखली जाते. 'कराटे'तला 'करा' पूर्वी चीन या अर्थाच्या अक्षराने लिहीत. फुनाकोशींनी त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे अक्षर रूढ केले. तेच अक्षर बौद्ध शून्यतेसाठीही वापरतात. रिकामा हात, आणि त्याबरोबर अहंकारापासून रिकामे मन. कराटेत पहिला वार नसतो, ही त्यांची शिकवण.

तालीमघराला जपानीत 'दोजो' म्हणतात. बुद्धाला ज्ञान झाले त्या जागेला संस्कृतात बोधिमंड म्हणतात, त्याचेच हे जपानी रूप. 'दो' म्हणजे मार्ग. वारकरी ज्याला वाट म्हणेल, सूफी ज्याला तरीकत म्हणेल, त्याच जातीचा हा शब्द.

या दोजोत शिरताना वाकायचे असते, आणि आमच्या मुस्लिम घरांतून शंका येते : हे चालेल का? सजदा फक्त अल्लाहपुढे, हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याने ही शंका विचारण्यात गैर काही नाही. कमरेतून थोडे वाकणे ही जपानी माणसाची रोजची अभिवादनाची रीत आहे. दुकानदार गिऱ्हाइकापुढे तसाच वाकतो. तरीही मन घेत नसेल तर छातीवर हात ठेवूनही समोरच्याचा मान राखता येतो. समजूतदार शिक्षक ते मान्य करतो.

मुलींच्या बाबतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती 'किआई'. प्रहार करताना पोटातून काढायची आरोळी. आपण मुलींना लहानपणापासून सांगतो, हळू बोल, हसू नकोस मोठ्याने. कराटेचे सर मात्र सांगतात, आवाज चढव! आणि मोठ्याने 'नाही' म्हणता येणे, घडलेले घरी येऊन न घाबरता सांगता येणे, हे लाथेपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले, तेव्हा मुलांबरोबर मुलीही शिकल्या. हा विचार एका कवीला सुचला, याचे मला नवल वाटत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. वर्ग निवडताना भिंतीवरची पदके मोजू नका. तास चालू असताना पालकांना बसू देतात का, ते पाहा. नव्याला पडायला किती दिवस शिकवतात, मुलींसाठी बाई आहेत का, शिक्षक मुलाला हात लावण्याआधी सांगतात का, हे विचारा. झटपट ब्लॅक बेल्टचे आश्वासन मिळाले तर चप्पल घालून परत फिरा. पहिल्या काळ्या पट्ट्याच्या श्रेणीला 'शोदान' म्हणतात, आणि त्या शब्दात आरंभाचाच अर्थ आहे. शिक्षण तिथे संपत नाही, तिथे सुरू होते.

आणि मुलगी वर्गावरून घरी आली की 'आज कितीजणींना पाडलंस?' हा प्रश्न नको. 'आज किती वेळा पडलीस, कशी उठलीस?' असे विचारा. मग ती सांगेल ते हातातले काम बाजूला ठेवून ऐका. तिने आवाज कमावला, तर तो ऐकणारे कान आपल्याकडे हवेत.