बॅकअपचं सेटिंग मागे नेताना

कॉलेजचं ऑफिस असो, पतसंस्था असो की एखादं छोटं रुग्णालय. सर्व्हर आला की रात्रीचा बॅकअप आलाच. आणि कधी ना कधी हा प्रसंगही येतो. कुणीतरी सेटिंग बदलतं, दोन-चार रात्री बॅकअप अडखळतो आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "अहो, पहिलं होतं तसं करून टाका." जुनी फाइल आणायची, नवीच्या जागी ठेवायची, झालं! पण बॅकअपचं काम एवढ्यावर भागत नाही. घाई केली तर मूळ बिघाड परवडला, असं म्हणायची पाळी येते.

उदाहरण घेऊ बॅक्युला या बॅकअप प्रणालीचं. केर्न सिबाल्ड यांनी पुढाकार घेऊन २००० साली हे काम सुरू केलं आणि २००२ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. फुकट मिळणारी, भरवशाची प्रणाली. तिची आठवण तीन ठिकाणी असते. एक म्हणजे कॉन्फिगरेशनची फाइल: कुठल्या मशीनचा, किती वाजता, कशावर बॅकअप घ्यायचा. दुसरा कॅटलॉग, म्हणजे डेटाबेस. कुठली फाइल कुठल्या दिवशी कुठल्या टेपवर गेली याची ग्रंथालयातल्यासारखी नोंदवही. आणि तिसरी ती टेप किंवा डिस्क, जिला बॅक्युला व्हॉल्यूम म्हणते. आपण जुनी आणतो ती फक्त पहिली. उरलेल्या दोन आजच्या तारखेतच असतात.

यातून काय होतं ते पाहा. फाइलींच्या नोंदी कॅटलॉगमध्ये किती दिवस ठेवायच्या याची मुदत कॉन्फिगरेशनमध्ये असते. काहीच लिहिलं नाही तर ती ६० दिवस धरली जाते. समजा, मधल्या काळात कुणी शहाणपणाने ती वर्षभराची केली होती. आता तुम्ही जुनी फाइल परत आणलीत. तिच्यात ६० दिवसच आहेत. जुन्या नोंदी आपोआप छाटण्याची सोय सुरू असेल, आणि मुळात ती सुरूच असते, तर पुढचं बॅकअपचं काम संपताच दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदी पुसल्या जातात. टेपवरचा डेटा लगेच जात नाही, पण त्यातली नेमकी एक फाइल काढायची वाट बंद होते. टेप वाचून कॅटलॉग पुन्हा भरणारं बीस्कॅन नावाचं साधन आहे. मात्र ते सगळी टेप वाचत बसतं, आणि गरज नेमकी सकाळी दहाला, काउंटरपुढे रांग लागलेली असताना पडते.

व्हॉल्यूमवरचा डेटा किती दिवस राखायचा, त्या मुदतीचं याच्या नेमकं उलट. ही मुदत व्हॉल्यूम तयार होताना कॅटलॉगमध्ये लिहिली जाते. कॉन्फिगरेशन बदललं तरी आधीच्या व्हॉल्यूमची मुदत बदलत नाही. त्यासाठी वेगळी अपडेटची आज्ञा द्यावी लागते. एकाच फाइलमधल्या दोन ओळी, एक लगेच लागू होते, दुसरी ढिम्म हलत नाही. जाणत्या माणसांचीही इथे फसगत होते, म्हणून मी हे मुद्दाम सविस्तर सांगतो आहे.

मग करावं कसं? चालू कामं संपू द्या. आजचं कॉन्फिगरेशन बिघडलेलं का असेना, तारीख घालून त्याची प्रत बाजूला ठेवा, आणि त्याच वेळी कॅटलॉगचीही. मग जुनी आणि आजची फाइल समोरासमोर ठेवून फरकाची प्रत्येक ओळ वाचा. खूपदा दोनच ओळी मागे न्यायच्या असतात, अख्खी फाइल नव्हे. मधल्या काळात एखाद्या मशीनचा पासवर्ड बदलला असेल, तर जुन्या फाइलमधल्या पासवर्डला ते मशीन दाद देणार नाही. पहिले काही दिवस ती आपोआप छाटणी बंद ठेवा. मुख्य प्रोग्राम सुरू न करता फाइल नुसती तपासून घेण्याची सोय बॅक्युलात आहे, ती वापरा. चुकीची फाइल ठेवून थेट रीस्टार्ट केलंत, तर प्रोग्राम उभाच राहत नाही आणि त्या रात्रीचा बॅकअप हुकतो.

फाइल तपासणीत पास झाली म्हणजे बॅकअप ठीक, असंही समजू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य डेटाबेसचा सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते दर वेळी बंद पडत होतं. तसं कळवणाऱ्या ईमेलही नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तास आधी एका कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कामासाठी प्रत घेतली होती, तिने वाचवलं. म्हणून सेटिंग मागे नेल्यावर एक खरी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडून पाहा.

राहिला प्रश्न, जुनं कॉन्फिगरेशन आणायचं कुठून? ते त्याच सर्व्हरवर असेल, तर सर्व्हरबरोबर तेही जातं. दर बदलाची नोंद गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवा. कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. एक प्रत इमारतीबाहेर असू द्या. या फाइलीत पासवर्ड उघडे असतात, तेव्हा ती प्रत कुलपात हवी. बॅकअप कूटबद्ध असेल तर त्याची किल्लीही तिथेच, आणि कुलूप उघडू शकणारी माणसं किमान दोन.