औषधसंशोधनातील संघनायक : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव
(भाषणाचा मजकूर)



नवे औषध म्हटले की प्रयोगशाळेत एकाकी बसलेल्या शास्त्रज्ञाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. रसायनज्ञ पदार्थ तयार करतो, परोपजीवीतज्ज्ञ तो प्राण्यांवर तपासतो आणि वैद्य रुग्णावरील परिणाम पाहतो. या सर्वांना एकाच प्रश्नाभोवती बांधून ठेवणारा नायक लाभला, तरच शोध रुग्णापर्यंत पोहोचतो. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव हे असे नायक होते.

१८९५ साली आंध्रात जन्मलेले सुब्बराव मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२२ साली बोस्टनला गेले. हार्वर्ड येथे फिस्के यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ साली प्रसिद्ध केली. १९४० साली ते न्यूयॉर्कनजीकच्या लेडर्ले प्रयोगशाळेत आले आणि पुढे तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

१९४५ साली फॉलिक आम्लाच्या कृत्रिम निर्मितीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर सोळा संशोधकांची नावे होती. सुब्बराव त्या सोळांतील एक होते. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डग्गर यांनाही याच प्रयोगशाळेत काम मिळाले आणि त्यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन शोधून काढले.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवरील अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या कृमींची बाधा झाली. औषधाचा शोध निकडीचा ठरला. लेडर्लेतील संघाने अनेक संयुगे कृमिबाधित उंदरांवर तपासली. त्यांतून डायएथिलकार्बामाझिन हे औषध हाती आले आणि १९४७ साली पोर्टो रिको येथील रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बरावांचे निधन झाले.

हे औषध आपल्या परिचयाचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत त्याचा समावेश असतो. या रोगाचे सूक्ष्मकृमी प्रामुख्याने रात्री रक्तात उतरतात. म्हणूनच रक्ताचे नमुने रात्री घेतले जातात. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते असू शकतात आणि डासांमार्फत शेजाऱ्याच्या घरी पोहोचतात. वाढलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. परंतु रक्तातील सूक्ष्मकृमी नाहीसे झाले, की रोगाचा पुढील प्रसार थांबतो.

"मला काही झालेले नाही, मग गोळी कशाला?" हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर शिक्षकाने वर्गात आणि पंचायत सदस्याने ग्रामसभेत द्यावयाचे आहे. दोन वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी यांना वगळून इतरांनी आरोग्य कर्मचाऱ्यासमक्ष गोळ्या घेतल्या पाहिजेत. घरात ठेवून दिलेली गोळी कोणाचेही रक्षण करीत नाही.

प्रयोगशाळेतील संघाने आपले काम केले. त्या संघाचा शेवटचा दुवा गावाच्या उंबरठ्यावर आहे. तो निखळू नये, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.