उशीर घरातच होतो



बिट्टन मार्केटात आपण वांगेसुद्धा चारदा फिरवून घेतो. स्तनातील गाठ मात्र महिनोन् महिने अंगावर काढतो. असे का व्हावे? पहिले कारण, ही गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही, आणि न दुखणारा तो आजारच नव्हे, असे आपण धरून चालतो. दुसरे संकोच, पदर असो वा बुरखा, तो सारखाच. तिसरे, मुलांच्या परीक्षा, घरचे लग्न, खर्च, आणि सोबतीला कोण येणार हा प्रश्न.

रुग्णालय दूर नाही. आपल्या ईदगाह हिल्सवरच जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या सेविकांनी नुसत्या हातांनी तपासले. त्यांपैकी पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा आपण एवढे ठरवू या : गाठ लागते असे जी सांगेल, तिच्यासोबत आठवड्याच्या आत आपल्यातील एकीने रुग्णालयात जावे, आणि त्या दिवशी चूल घरच्या पुरुषांनी सांभाळावी.