शस्त्रक्रियेची जखम आणि रोग्याचे आप्तेष्ट
(नाशिक येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळते, हा विषय मी मुद्दाम निवडला. कारण तिथे रोग्याच्या आप्तेष्टांचाही हात असतो.

ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, त्या डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियागृहासाठी एक पडताळणी-यादी काढली. चीर देण्यापूर्वी प्रतिजैविक दिले की नाही, असे साधेच प्रश्न तीत आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा जखमेतील जंतुसंसर्ग शेकडा ६.२ वरून ३.४ वर आला. यंत्र नवे नव्हते, औषधही नवे नव्हते!

आता आपल्या वाट्याचे काम. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास साबण लावून स्वच्छ स्नान घालावे. मात्र घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा पडतात व जंतूंना तिथेच आसरा मिळतो. म्हणूनच २०१६ च्या जागतिक मार्गदर्शनाने वस्तरा साफ वर्ज्य ठरविला. मधुमेह असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. रक्तातील साखर वाढली की जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. लग्नकार्यात मधुमेह लपविण्याची जी खोड आपल्यात आहे, ती निदान रुग्णालयात तरी नको.

समाचारास जाणे हा आपला धर्मच. परंतु दहा जणांनी खाटेभोवती गर्दी करणे, रोग्याच्या अंथरुणावर बसणे, पट्टी उचलून जखम पाहणे, यांत माया असली तरी हित नाही. एकाने जावे, हात धुऊन जावे. कोणी श्रद्धेने गोदावरीचे तीर्थ नेतात. त्या श्रद्धेचा मान राखूनच सांगतो, ते जखमेच्या पट्टीवर शिंपडू नये.

आणखी एक. “डॉक्टर, जोरदार गोळ्या लिहून द्या,” हा आग्रह सोडावा. बहुतेक शस्त्रक्रियांत जंतुसंसर्ग टाळण्यासाठीचे प्रतिजैविक चीर देण्यापूर्वीच द्यावयाचे असते. नंतर ते विनाकारण लांबविल्याने जंतू मात्र निर्ढावतात.

घरी परतल्यावरही महिनाभर जखमेवर लक्ष असावे. लाली पसरली, पू आला, ताप चढला, तर दुकानातून भुकटी आणून टाकू नये. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनाच त्याच दिवशी दाखवावे.